थंड लोखंडावरची छिन्नी

लोहारकामात दोन जातींच्या छिन्न्या वापरतात. एक भट्टीत लाल झालेले लोखंड कापते. दुसरी थंड लोखंडावर चालते. थंड लोखंड सहजी दाद देत नाही, म्हणून ह्या दुसऱ्या छिन्नीचे पोलाद अधिक कठीण असावे लागते, आणि तिच्यावर हातोडा पडला की आवाजही मोठा होतो. इंग्रजीत तिला ‘कोल्ड चिझल’ म्हणतात. १९७३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड शहरी काही तरुणांनी जो एक वाद्यवृंद उभा केला, त्याने पुढे हेच नाव धारण केले. गुलाबाचे किंवा ताऱ्याचे नाव न घेता कारखान्यातील हत्याराचे नाव घेणाऱ्या ह्या मंडळींचे चरित्र त्या नावाला साजेसेच झाले. कानठळ्या बसतील अशा आवाजात ते गायिले, अतोनात दारू प्यायले, आपसात भांडले, मानाची पारितोषिके त्यांनी झिडकारली आणि साऱ्या राष्ट्राच्या देखत रंगमंचाची मोडतोड केली. तरीही आज ऑस्ट्रेलियात राष्ट्राचा ठेवा म्हणून जी ध्वनिमुद्रणे जपली जातात, त्यांत त्यांचे गाणे आहे. असभ्य म्हणून नभोवाणीने नाकारलेले गाणे राष्ट्राचा ठेवा कसे ठरते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम ऑस्ट्रेलियातील ‘हॉटेल’ ही संस्था समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे हॉटेल म्हटले की चहाची किटली आणि भज्यांची परात डोळ्यांपुढे येते. ऑस्ट्रेलियात मात्र हॉटेल म्हणजे मुख्यतः मद्यगृह. बोलीभाषेत त्यालाच पब म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९१६ साली, दक्षिण ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि तास्मानिया ह्या राज्यांत सायंकाळी सहा वाजता मद्यगृहे बंद करण्याचा नियम अंमलात आला. कामगाराने वेळेवर घरी जावे, पगार घरी पोहोचवावा, हा हेतू स्तुत्य होता. परिणाम मात्र विपरीत झाला. पाचला कारखाने सुटत आणि सहाला मद्यगृहाची दारे लागत. त्यामुळे त्या एका तासात जेवढे पोटात रिचविता येईल तेवढे रिचवावे, अशी रीत पडली. मालकांनी खुर्च्या-टेबले काढून टाकली आणि धुण्यास सोप्या अशा फरश्या भिंतींना बसविल्या. अशा जागी संगीताला स्थान कोठून असणार? हा नियम न्यू साउथ वेल्समध्ये १९५५ साली, व्हिक्टोरियात १९६६ साली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात सर्वांच्या शेवटी, १९६७ साली रद्द झाला.

नियम उठला आणि मालकांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. आता रात्री दहापर्यंत दारे उघडी; मग कामगाराला तोवर थोपवून धरावयाचे कसे? त्यावर उपाय सापडला तो वाद्यवृंदाचा. उपनगरांतील प्रशस्त हॉटेलांच्या मागील दालनांत रोज रात्री तरुणांचे संच वाजवू लागले. तेथे आसनव्यवस्था नव्हती, तिकिटावर छापलेला कार्यक्रम नव्हता, शिष्टाचार तर नव्हताच. दिवसभर यंत्रापुढे उभा राहिलेला गिऱ्हाईक हातात पेला घेऊन समोर उभा असे. गाणे आवडले नाही तर तो ते तोंडावर सांगे. प्रसंगी पेला फेकूनही सांगे. अशा श्रोत्याला जिंकावयाचे तर आवाज मोठा हवा, लय भक्कम हवी आणि मुख्य म्हणजे ढोंग नको. ऑस्ट्रेलियातील ‘पब रॉक’ ह्या संगीतप्रकाराचा जन्म ह्या दालनांत झाला, आणि त्याची बेमुर्वत वृत्तीही तेथेच घडली.

कोल्ड चिझलचा गायक जिमी बार्न्स हा ह्या श्रोत्यांच्याच घरचा मुलगा. त्याचा जन्म १९५६ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलिया सरकारने ब्रिटनमधून माणसे आणण्यासाठी अत्यल्प भाड्याची योजना आखली होती. प्रौढ माणसाला अवघ्या दहा पौंडांत समुद्रापार जाता येई. त्या योजनेतून १९६२ साली हे कुटुंब ॲडिलेडला उतरले आणि पुढे एलिझाबेथ नावाच्या नव्या वसाहतीत स्थायिक झाले. ॲडिलेडच्या उत्तरेस १९५५ साली वसविलेली ही नगरी राणी एलिझाबेथच्या नावाने ओळखली जात होती, परंतु तेथील जीवनात राजेशाही असे काही नव्हते. होल्डन मोटारींचा कारखाना, एकासारखी एक घरे आणि मायदेश सोडून आलेली माणसे, असे तिचे स्वरूप होते. बार्न्सच्या घरी दारिद्र्य होते, मद्यपान होते आणि मारहाणही होती. हे सारे त्याने पुढे २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात निःसंकोचपणे लिहिले आहे. शाळा सुटल्यावर तो रेल्वेच्या फौंड्रीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. कोल्ड चिझलमध्ये आला तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता.

त्याचे सोबतीही चार दिशांनी आलेले होते. ढोल वाजविणारा स्टीव्ह प्रेस्टविच इंग्लंडमधील लिव्हरपूलचा, तर गिटार वाजविणारा इयन मॉस ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मध्यभागातील ॲलिस स्प्रिंग्जचा. १९७५ साली बास गिटारवर फिल स्मॉल आला. ह्या सर्वांत वेगळा होता तो डॉन वॉकर. क्वीन्सलँडमध्ये जन्मलेला आणि न्यू साउथ वेल्समधील ग्राफ्टन ह्या गावी वाढलेला हा तरुण भौतिकशास्त्राचा पदवीधर होता आणि ॲडिलेडजवळच्या शस्त्रास्त्र-संशोधन केंद्रात नोकरी करीत होता. पियानोपुढे तो शांतपणे बसे. परंतु वाद्यवृंदाची बहुतेक गाणी त्याच्याच लेखणीतून उतरली. शास्त्रज्ञाची नेमकी दृष्टी आणि फौंड्रीतल्या मुलाचा फाटका, बुलंद आवाज, अशी ही जोडी होती. वॉकरने पाहावे आणि बार्न्सने ओरडून सांगावे, ही त्यांची कार्यविभागणी म्हटल्यास वावगे होणार नाही.

१९७४ साली वॉकर पुढील अभ्यासासाठी न्यू साउथ वेल्समधील आर्मिडेलच्या विद्यापीठात गेला, तेव्हा सारा वाद्यवृंद त्याच्यामागे त्या परिसरात जाऊन राहिला. त्यानंतर मेलबर्न, त्यानंतर सिडनी. जुनाट मोटारगाडीत वाद्ये कोंबावयाची, शेकडो मैल रस्ता तुडवावयाचा आणि रात्री हॉटेलात उभे राहावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीशी करार झाला तो १९७७ साली, म्हणजे स्थापनेनंतर चार वर्षांनी. तोपर्यंत त्यांची कला तपासली ती हॉटेलातल्या श्रोत्याने, आणि तो परीक्षक कंपनीच्या अधिकाऱ्याहून अधिक कठोर होता.

१९७८ च्या एप्रिलमध्ये पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली आणि मे महिन्यात तिच्यातील ‘खे सान’ हे वॉकरचे गाणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. ह्या गाण्याचे महत्त्व कळण्यास थोडे मागे जावे लागेल. १९६२ ते १९७३ ह्या काळात सुमारे ६०,००० ऑस्ट्रेलियन माणसे व्हिएतनाम युद्धात सेवेस गेली; त्यांपैकी पाचशेहून अधिक परतली नाहीत. १९६४ साली सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला होता. वीस वर्षांच्या मुलांच्या जन्मतारखांच्या गोट्या एका पिंपात घालून सोडत काढीत. ज्याची तारीख निघे त्याला बोलावणे येई. मुलाचे भवितव्य एका गोटीवर ठरे. युद्ध जसजसे लांबले तसतसा देशात त्याला विरोध वाढला, आणि परत येणाऱ्या अनेक सैनिकांच्या वाट्याला स्वागताऐवजी मौन आले. युद्धाला पाठिंबा देणारेही त्यांच्याविषयी बोलेनात आणि विरोध करणारेही बोलेनात.

वॉकरच्या गाण्यात असा एक परतलेला माणूस बोलतो. तो रडत नाही, उपदेशही करीत नाही. त्याला नोकरीत करमत नाही, गावात करमत नाही. तो देशभर भटकतो, पूर्वेकडील शहरांत सुख विकत घेऊ पाहतो आणि पुन्हा निघतो. गाण्याला ध्रुवपद नाही. कडव्यामागून कडवे येत जाते, त्या माणसाच्या भटकंतीसारखेच. आता इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. खे सानचा १९६८ चा प्रसिद्ध वेढा अमेरिकन मरीन सैनिकांनी आणि दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याने लढविला. ऑस्ट्रेलियाचे पायदळ तेथे नव्हते, ते फुओक तुय प्रांतात होते. परंतु त्या काळी खे सान हे नाव साऱ्या युद्धाची खूण होऊन बसले होते, आणि गाण्यातील वेदना कोणत्या टेकडीवरची आहे असे कोणत्याही परतलेल्या सैनिकाला विचारावेसे वाटले नाही.

ह्या गाण्यातील स्त्रीसहवासाचे उघड उल्लेख असभ्य ठरवून व्यापारी नभोवाणी केंद्रांसाठी ते अयोग्य मानले गेले. सरकारी प्रसारण-संस्थेच्या सिडनीतील ‘डबल जे’ ह्या तरुणांच्या केंद्राने मात्र ते निर्भयपणे वाजविले. गंमत अशी की त्याच सरकारी संस्थेच्या ‘काउंटडाउन’ ह्या लोकप्रिय दूरचित्रवाणी-कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी शब्द बदलण्याची अट घातली. वाद्यवृंदाने शब्द बदलण्यास साफ नकार दिला. त्या कार्यक्रमात दिसणे म्हणजे त्या काळी घरोघरी पोहोचण्याचा राजमार्ग होता; तो त्यांनी आपल्या हातांनी बंद करून घेतला. विक्रीच्या राष्ट्रीय यादीत हे गाणे फारसे वर चढले नाही. ते पसरले हॉटेलांतून, तोंडोतोंडी. जे लिहिले ते त्या माणसाच्या तोंडचे आहे, आणि बैठकीत शोभावे म्हणून त्याची भाषा धुऊन काढणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा गप्प करणे होय, एवढाच ह्या नकाराचा अर्थ होता.

पुढील दोन वर्षांत त्यांचा लौकिक वाढला. १९७९ साली दुसरी ध्वनिमुद्रिका आली. तिच्या नावात सिडनीच्या किंग्ज क्रॉस ह्या रात्री जागणाऱ्या वस्तीतील एका उपाहारगृहाचे नाव आहे. १९८० च्या ‘ईस्ट’ ह्या ध्वनिमुद्रिकेने विक्रीत दुसरा क्रमांक गाठला. तिच्यातही वॉकरची दृष्टी पूर्वीच्याच ठिकाणी खिळलेली दिसते. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये न्यूकॅसल ह्या पोलाद-कारखान्यांच्या शहरातील ‘स्टार हॉटेल’ बंद होणार होते. शेवटच्या रात्री हजारो तरुण तेथे जमले. पोलिसांनी गाणे थांबविण्यास सांगताच दंगल उसळली आणि पोलिसांच्या गाड्या पेटल्या. वर्तमानपत्रांना तेथे गुंडगिरी दिसली. वॉकरने त्यावर गाणे लिहिले, आणि त्यात बेकारीने पिचलेला, आपली एकमेव हक्काची जागाही हिरावली जात असलेला तरुण दाखविला. दंगलीचे समर्थन करणे सोपे असते आणि निंदा करणे त्याहून सोपे. तिच्या मुळाशी असलेला माणूस दाखविणे कठीण असते.

मग आला २२ मार्च १९८१ चा दिवस. ‘काउंटडाउन’ आणि दूरचित्रवाणीविषयक एक खपाचे साप्ताहिक ह्यांच्या विद्यमाने त्या वर्षीची संगीत-पारितोषिके जाहीर झाली आणि कोल्ड चिझलला त्यांपैकी सात मिळाली. वाद्यवृंदातील एकही जण ती स्वीकारण्यास पुढे गेला नाही. समारंभाच्या अखेरीस मात्र ते रंगमंचावर आले. गाणे सुरू झाले आणि शेवटाकडे बार्न्सने मूळ शब्द टाकून देऊन त्या साप्ताहिकालाच जाब विचारला: आम्ही हॉटेलांत गात होतो तेव्हा तुम्ही तेथे कोठेच दिसला नाहीत, आणि आज आमचे चेहरे छापून अंक खपविता, असा त्याचा आशय होता. त्यानंतर वाद्ये आपटण्यात आली, सजावट मोडण्यात आली आणि मंडळी निघून गेली. हे सारे देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले.

हे वर्तन सभ्य होते असे कोणी म्हणणार नाही. ज्यांनी आदराने पारितोषिक देऊ केले त्यांच्या घरी जाऊन भांडी फोडणे हा कोणत्याही देशात शिष्टाचार नव्हे. परंतु ह्या उद्धटपणाची दिशा पाहण्यासारखी आहे. तो दुर्बळाविरुद्ध नव्हता, श्रोत्याविरुद्ध नव्हता. ज्यांच्या कृपेवर त्यांची पुढील भरभराट अवलंबून होती, नेमक्या त्यांच्याविरुद्ध होता. अशा उद्धटपणाची किंमत द्यावी लागते, आणि ती त्यांना लवकरच द्यावी लागली.

त्याच वर्षी ते अमेरिकेत गेले. तेथील नामांकित गायकांच्या कार्यक्रमाआधी त्यांना वाजवावयास मिळे; परंतु मोठमोठ्या मैदानांतील श्रोत्यांना हे अनोळखी, ऑस्ट्रेलियन गल्लीबोळांचे गाणे भावले नाही, आणि तेथील कंपनीनेही फारशी आस्था दाखविली नाही. परत आल्यावर बार्न्सने कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यावर रोख धरून एक जळजळीत गाणे रचले. ते १९८२ च्या ‘सर्कस ॲनिमल्स’ ह्या ध्वनिमुद्रिकेत पहिलेच ठेवले गेले. तिचे प्रकाशन सिडनीत सर्कशीचा तंबू ठोकून करण्यात आले. मायदेशी ती पहिल्या क्रमांकावर गेली. परदेशचे दार मात्र जवळजवळ बंद झाले. ज्या बोलीमुळे स्वदेशी घराघरांत ओळख मिळाली, तीच बोली परदेशी आडवी आली. आणि ती बदलण्यास ते राजी नव्हते.

दहा वर्षांचा प्रवास, दारू, कर्ज आणि परस्परांतील धुसफूस ह्यांनी अखेर गाडी रुळावरून उतरली. १९८३ साली जर्मनीच्या दौऱ्यानंतर प्रेस्टविचला काढण्यात आले आणि थोड्याच दिवसांत वाद्यवृंद विसर्जित करण्याचे ठरले. निरोपाच्या दौऱ्यात तो परतला. डिसेंबरमध्ये सिडनीत शेवटचे कार्यक्रम झाले. फुटल्यानंतर १९८४ साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेत प्रेस्टविचची चाल आणि वॉकरचे शब्द असलेले ‘फ्लेम ट्रीज’ हे गाणे आहे. गाव सोडून गेलेला माणूस पुष्कळ वर्षांनी परत येतो आणि सारे तेच असूनही तेच राहिलेले नाही हे त्याला कळते, एवढाच त्याचा विषय आहे. आरडाओरड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या मंडळींनी जाता जाता हे शांत गाणे मागे ठेवले.

ज्या दालनांनी त्यांना घडविले त्यांचीही सद्दी ह्याच सुमारास ओसरू लागली. १९८२ च्या डिसेंबरपासून न्यू साउथ वेल्समध्ये वाहनचालकांच्या श्वासाची वाटेल तेथे तपासणी होऊ लागली. रस्त्यांवरील मृत्यू त्यामुळे घटले, ही निर्विवाद चांगली गोष्ट. परंतु दूरच्या हॉटेलात मोटारीने जाऊन मध्यरात्री परतणारा श्रोताही घटला. पुढे आवाजाविरुद्ध शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, आणि १९९० नंतरच्या दशकात राज्याराज्यांतील हॉटेलांत जुगाराची यंत्रे आली. चार माणसांच्या वाद्यवृंदापेक्षा भिंतीलगत उभी केलेली यंत्रे मालकाला अधिक लाभदायक ठरली. यंत्र भांडत नाही, दारू मागत नाही आणि गातही नाही.

कोल्ड चिझल मात्र संपले नाही. १९९८ साली ते पुन्हा एकत्र आले आणि नवी ध्वनिमुद्रिका पहिल्या क्रमांकावर गेली. २००१ साली गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेने आपल्या ७५ व्या वर्षानिमित्त गेल्या पाऊण शतकातील श्रेष्ठ ऑस्ट्रेलियन गाण्यांची निवड करविली, तेव्हा ‘खे सान’ आठव्या स्थानी आले. राष्ट्रीय ध्वनी-अभिलेखागाराच्या जपणुकीच्या यादीतही त्याला जागा मिळाली. ज्या सैनिकांविषयी कोणी बोलत नव्हते, त्यांचे राष्ट्राने जाहीर स्वागत केले ते १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये, सिडनीतील भव्य संचलनाने. म्हणजे हॉटेलातील गाणे राष्ट्राच्या नऊ वर्षे आधी त्यांच्याविषयी बोलले होते.

२०११ च्या जानेवारीत प्रेस्टविच मेंदूच्या विकाराने निवर्तला. सोबत्यांनी नवा ढोलवादक घेऊन काम चालू ठेवले. २०१९ ची त्यांची ध्वनिमुद्रिकाही अग्रस्थानी पोहोचली, आणि २०२४ साली पन्नाशीचा दौरा निघाला. २०१७ साली बार्न्सला ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा राष्ट्रीय सन्मान देण्यात आला. हा त्याने नाकारला नाही. त्याच वर्षीच्या २० ऑक्टोबरला एलिझाबेथमधील होल्डनचा कारखाना कायमचा बंद झाला. ज्या वस्तीने गायक दिला तिचे भोंगे थांबले. गाणे चालू राहिले.

ह्या वृत्तांतावरून तरुणांनी रंगमंच मोडावा असा बोध कोणी घेऊ नये. दारूने आणि बेबंदपणाने ह्या माणसांचे किती नुकसान केले, हे बार्न्सने स्वतःच लिहून ठेवले आहे. घेण्यासारखा बोध निराळा आहे. सन्मान देणाऱ्यांपुढे मान झुकविणे आणि ज्यांच्यातून आपण आलो त्यांचे ऋण मानणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्ड चिझलने पहिली वारंवार नाकारली. दुसरीत मात्र त्यांनी कसूर केली नाही. सोडतीत नाव निघालेला मुलगा, दंगलीतला बेकार, गावी परतलेला परका माणूस, ह्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत येत नाहीत. ती एका वाद्यवृंदाने मोठ्या आवाजात, न बदललेल्या शब्दांत गाऊन ठेवली. उत्सवाच्या दिवशी हजारो ऑस्ट्रेलियन माणसे ध्रुवपद नसलेले ते गाणे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकसुरात म्हणतात. ते शब्द कोणी त्यांना शाळेत शिकविलेले नाहीत.